हातावरचं कासव आणि फुल बाह्यांचा शर्ट

गेल्या मे महिन्यात माझा भाचा मुलाखतीसाठी वाळपईहून आदल्या रात्रीच आमच्याकडे म्हापशाला येऊन राहिला. सकाळी बघते तर साहेब गॅलरीत उजेडाकडे तोंड करून बसलेत आणि डाव्या हातावर माझा कन्सीलर थापताहेत. कोपराखाली, आतल्या अंगाला, त्याने बशीएवढं समुद्रकासव काढून घेतलंय. हॉटेल मॅनेजमेंटच्या शेवटच्या वर्षाला असताना मित्रांबरोबर हणजुणेला जाऊन केलेला पराक्रम. कन्सीलरचे दोन थर, वर पावडर, वर पांढरा फुल बाह्यांचा शर्ट.

"दिसतंय का गं मावशी?"

"कासव दिसत नाही. पण हात पिठाच्या डब्यातून काढल्यासारखा दिसतोय."

मे महिन्यात गोव्यात बसने प्रवास करून कुणी कोरडं उतरत नाही. हॉटेलात पोहोचेपर्यंत कफाच्या आत तपकिरी चंद्रकोर उमटली होती. एचआरच्या बाईंनी ती पाहिली, हसून बाही वर करायला सांगितली आणि तितक्याच गोडीने म्हणाल्या, "फ्रंट ऑफिसला दिसणारा टॅटू आमच्याकडे चालत नाही. किचनला जागा निघाली तर कळवू."

संध्याकाळी त्याने खिशातून एक कार्ड काढून माझ्यासमोर ठेवलं. रिसेप्शनच्या टेबलावरून उचललेलं. त्यावर समुद्रकासवाचं सुरेख चित्र आणि खाली इंग्रजीत मजकूर की हा किनारा त्यांचाही आहे, आम्ही त्यांच्यासोबत आहोत. त्याने कार्डाशेजारी आपला हात ठेवला. "त्यांचं कासव चालतं, माझं नाही. हे कसं काय?"

हॉटेलवाले ढोंगी आहेत, असं म्हणून विषय संपवता आला असता. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर त्याहून गमतीचं आहे, आणि त्यात अर्थशास्त्र, त्वचेचं शास्त्र आणि थोडा कायदाही येतो.

सुरुवात मानकुराद आंब्यापासून करू. हंगामाच्या सुरुवातीला म्हापशाच्या बाजारात डझनाचा भाव ऐकून पोटात गोळा येतो, तरी आपण घेतो. आंबा आतून कसा आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही, विकणारणीला ठाऊक असतं. मग आपण देठाशी नाक नेतो, साल दाबून बघतो, तिच्या चेहऱ्याकडे बघतो. आतलं दिसत नाही म्हणून बाहेरच्या खुणा वाचतो. नोकरीचंही तसंच असतं. समोर बसलेला मुलगा कामसू आहे की कामचुकार, हे मुलाखत घेणाऱ्याला वीस मिनिटांत कळणं अशक्य. तो पदवी बघतो, इस्त्री बघतो, नखं बघतो आणि हातही बघतो. मायकल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली नोकरीच्या बाजारातल्या या खुणांवर एक गाजलेला निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला मिळालेल्या नोबेलमागे हेच काम होतं. त्याच्या मांडणीचा गाभा सोपा आहे. खूण विश्वासार्ह ठरायला ती करायला काहीतरी किंमत पडली पाहिजे, आणि खोट्या माणसाला ती जास्त महाग पडली पाहिजे. जी खूण कुणालाही फुकट करता येते, तिच्यावर कोण विश्वास ठेवणार? ‘गोड आहे हो’ हे तर सगळ्याच विक्रेत्या म्हणतात.

आता गोंदणाकडे येऊ. आमच्या आजीच्या मनगटावर विंचू होता, कोपराखाली तुळशीवृंदावन आणि कपाळावर हिरवट ठिपका. गोंदणारी बाई दारात यायची, सुईने काजळी टोचायची. कुळागरात (सुपारीच्या बागेत) राबताना, देवळात, बाजारात, आजीने हात कधी झाकले नाहीत. झाकले असते तरच लोकांनी विचारलं असतं. ती म्हणायची, "भांगर हांगाच उरतलें, गोंदण तेवढें वांगडा येतलें." सोनं इथेच राहणार, गोंदण तेवढं सोबत येणार. तिच्या हातावरची खूण ‘मी तुमच्यातलीच’ असं सांगायची. भाच्याच्या हातावरची खूण ‘मी माझा’ असं सांगते. त्वचा तीच, काळा रंगही जवळपास तोच, फक्त वाचणारे बदलले.

मधल्या काळात या खुणेची बरीच बदनामी झाली. पाश्चात्त्य शहरांत टॅटू म्हणजे खलाशी, सैनिक, तुरुंगातून सुटलेला, असं समीकरण रुजलं. न्यूयॉर्कमध्ये सॅम्युअल ओ'रायली याने १८९१ मध्ये गोंदणाच्या विजेच्या यंत्राचं पेटंट घेतलं (एडिसनच्या विजेच्या लेखणीवरून उचललेली कल्पना), आणि त्याच न्यूयॉर्कने काविळीच्या साथीचं कारण देऊन १९६१ ते १९९७ गोंदणावर बंदी घातली. जपानने १८७२ मध्ये बंदी घातली, ती १९४८ मध्ये उठली. पण आजही तिथल्या अनेक सार्वजनिक स्नानगृहांत टॅटूवाल्यांना दारातूनच परत पाठवतात, कारण लोकांच्या डोक्यात अजून गुंडांच्या टोळ्या आहेत. आमच्याकडे आजीच्या विंचवाला कुणी टॅटू म्हटलं नाही. टॅटू हा शब्द आमच्या घरात आला तो हिप्पींच्या गोष्टींबरोबर, आणि कायम जरा नाक मुरडूनच.

मग दृष्टिकोन बदलायला लागला तो का? लोक अचानक उदार झाले असं मला वाटत नाही. खुणेची किंमत घसरली, एवढंच झालं. ‘प्यू’ या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत अमेरिकेतल्या ३२ टक्के प्रौढांच्या अंगावर किमान एक टॅटू होता. दर तिसऱ्या माणसाच्या अंगावर असलेली खूण कुणाबद्दल काय सांगणार? बंडखोराच्या हातावर टॅटू, तसाच बँकेतल्या कॅशियरच्या आणि शाळेतल्या बाईंच्याही. त्यात गिऱ्हाईकही टॅटूवालं, आणि हॉटेल-विमान धंद्याला माणसं मिळेनात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या दोन हजारांहून जास्त लोकांच्या माहितीवर झालेल्या एका अभ्यासात टॅटू असणं आणि पगार किंवा नोकरी कमी मिळणं यांचा संबंध सापडला नाही. एअर न्यूझीलंडने सप्टेंबर २०१९ पासून कर्मचाऱ्यांना टॅटू दिसू देण्याची मुभा दिली. तिथे मुद्दा निव्वळ फॅशनचा नव्हता; माओरी लोकांचं ‘ता मोको’ हे गोंदण कुळाची ओळख सांगतं, आणि विमानाच्या शेपटावर माओरी नक्षी मिरवायची पण कर्मचाऱ्याच्या अंगावरची झाकायची, हे कंपनीला जड जाऊ लागलं होतं. भाच्याचा प्रश्न जवळपास हाच. व्हर्जिन अटलांटिकने २०२२ मध्ये तेच केलं, फक्त चेहरा आणि मान सोडून. आपल्याकडे मात्र केबिन क्रूच्या जाहिरातीत ‘गणवेशात दिसणारा टॅटू नको’ ही ओळ अजून सर्रास असते.

इथे थोडं त्वचेच्या आत डोकवायला हवं, कारण टॅटूचं सगळं वजन तो पुसत नाही यावर उभं आहे. आपली वरची कातडी सतत झडते. सुई त्या थराखाली, साधारण एक ते दोन मिलिमीटर आत, शाई सोडते. शरीराच्या दृष्टीने ही घुसखोरी. तिथल्या पेशी धावत येऊन शाईचे कण गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत, म्हणून पोटात घेऊन तिथेच बसतात. फ्रान्समधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की या पेशी मरतात तेव्हा शाई बाहेर सांडते आणि नव्या पेशी ती पुन्हा गिळतात. म्हणजे टॅटू एका जागी गोठलेला नसतो, एका पिढीच्या हातून दुसरीच्या हाती जात राहतो. लेसरचं काम त्या कणांचे इतके बारीक तुकडे करणं की शरीराला ते वाहून नेता यावेत. एका बैठकीत ते होत नाही, अनेक लागतात, खर्च टॅटूच्या कितीतरी पट, आणि दुखतंही. काळी काजळी आजीच्या हातावर हिरवी-निळी का दिसायची, याचं उत्तरही इथेच आहे: रंग त्वचेच्या खाली आहे, आणि वरच्या थरातून उजेड विखरून बाहेर येताना काळ्याला निळसर झाक येते.

तर भाच्याने कासव काढताना किंमत मोजली होती. पैशांची थोडी, आणि पुढच्या प्रत्येक मुलाखतीची बरीच. स्पेन्सच्या भाषेत ही महागडी खूण.

कायदा काय म्हणतो? खासगी नोकरीत टॅटूवरून नाकारू नये असं सांगणारा कायदा भारतात नाही. मालक गणवेश ठरवू शकतो, दाढी-नखांचे नियम ठरवू शकतो, तसंच हेही. सरकारी भरतीत मात्र नियम लेखी असावे लागतात, आणि ते वाचायला मजेशीर आहेत. सैन्याच्या नियमानुसार कायमचा टॅटू चालतो तो कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला. आदिवासी परंपरेतलं गोंदण असेल तर सवलत आहे. निमलष्करी दलांत तो डाव्या हाताच्या आतल्या बाजूला चालतो, कारण उजव्या हाताने सलाम ठोकायचा. धार्मिक चिन्ह किंवा नाव असावं, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्श्याहून कमी. आमच्या पठ्ठ्याचा टॅटू डाव्या हातावर, आतल्या बाजूला! रिसेप्शनला नापास झालेली जागा सीमा सुरक्षा दलात पास. कूर्मावतार म्हणून धार्मिक चिन्हातही बसवता आलं असतं, गाभाऱ्यासमोरच्या दगडी कासवाचा दाखला देऊन. घोडं अडलं असतं ते बशीच्या मापावर.

न्यायालयांनीही या नियमांकडे जरा डोळे उघडे ठेवून पाहिलंय. दिल्ली पोलिसांच्या भरतीत उजव्या हातावरच्या टॅटूमुळे बाद झालेल्या एका तरुणाने तो काढून घेतला होता. २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी त्याचा हात प्रत्यक्ष पाहिला, खूण जेमतेम दिसते असं नोंदवलं आणि निकाल त्याच्या बाजूने दिला.

आता त्या कार्डावरचं कासव. हॉटेलाला टॅटूचा राग नाही. फ्रंट ऑफिसला उभा असलेला माणूस म्हणजे हॉटेलची जाहिरात असते, आणि आपल्या जाहिरातीवर काय छापायचं ते कंपनीला स्वतः ठरवायचं असतं. भाच्याचं कासव कंपनीने छापलेलं नाही, एवढाच त्याचा गुन्हा. पण मग मानकुरादचा नियम कंपनीलाही लावू. ते कार्ड छापायला हॉटेलाला काय किंमत पडली?

गोव्यात ऑलिव्ह रिडले कासवं मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर अंडी घालायला येतात. पिल्लं रात्री वाळूतून बाहेर पडतात आणि सगळ्यात उजळ क्षितिजाकडे चालायला लागतात. माणूस नसताना ते क्षितिज समुद्राचं असायचं. आता ते शॅकचं, हॉटेलच्या लॉनचं, लग्नाच्या रोषणाईचं असतं. म्हणून किनाऱ्यावरच्या हॉटेलाने कासवांसाठी करण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे हंगामात समुद्राकडचे दिवे बंद ठेवणं. त्याला किंमत पडते: बीचसाइड डिनर जातं, लग्नाची बुकिंग जातात. कार्डाला पडते ती छपाईची. त्या हॉटेलचे दिवे रात्री चालू असतात का, हे भाच्याला कुणी सांगितलं नाही आणि त्याने विचारलंही नाही. कार्डावरही त्याबद्दल अक्षर नव्हतं.

या प्रकाराला इंग्रजीत ग्रीनवॉशिंग म्हणतात, आपण हिरवा मुलामा म्हणू. हा शब्द जन्मला तोच हॉटेलच्या कार्डावरून. फिजीतल्या एका रिसॉर्टमध्ये जे वेस्टरव्हेल्ड या अमेरिकी पर्यावरणवाद्याने टॉवेलजवळचं कार्ड वाचलं: समुद्र वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. त्याच वेळी रिसॉर्टचं नवं बांधकाम चालूच होतं. १९८६ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्याने त्यासाठी ग्रीनवॉशिंग हा शब्द घडवला. धुलाईचा खर्च वाचवून वर पुण्य! आपल्याकडे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. ‘इको-फ्रेंडली’, ‘ग्रीन’ असे मोघम शब्द आता पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत, आणि फसव्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत, पुन्हा केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड आहे. ‘आम्ही कासवांसोबत आहोत’ हे मात्र यात कुठे बसवणार? तो दावा नाही, भावना आहे. भावनेचा पुरावा मागता येत नाही, हे जाहिरातवाल्यांना चांगलं कळतं.

टॅटू आणि सामाजिक संदेशाची जाहिरात यांची सगळ्यात टोकाची गाठ पडली ती १९९३ मध्ये. बेनेटन या इटालियन कपड्यांच्या कंपनीसाठी ओलिव्हिएरो तोस्कानी या छायाचित्रकाराने उघड्या शरीराचे तुकडे टिपले: दंड, नितंब, ओटीपोट. त्यावर टॅटूसारखा शिक्का, ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’. कपडा कुठेही नाही, कोपऱ्यात कंपनीची छोटी हिरवी पट्टी. कंपनीचं म्हणणं, एचआयव्ही असलेल्यांवर समाज जो शिक्का मारतो तोच आम्ही दाखवतोय. फ्रान्समध्ये एचआयव्ही असलेले लोकच न्यायालयात गेले, आमचं दुःख स्वेटर विकायला वापरलं म्हणून, आणि १९९५ मध्ये जिंकले. जर्मनीत आधी बंदी आली, पण डिसेंबर २००० मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती फिरवली. जगातलं दुःख पाहून नागरिकाचं मन जड होऊ नये, एवढ्यासाठी कुणाला गप्प करता येणार नाही, असा त्या निकालाचा आशय.

दोन्ही निकाल मला पटतात, आणि ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. गोव्यात राहणाऱ्याला तर हे चित्र नुसतं चित्र म्हणून बघताच येत नाही. १९८९ ची गोष्ट. डॉमिनिक डिसोझा या गोंयकार तरुणाने रक्तदान केलं होतं, त्यातून तो एचआयव्ही पॉझिटिव्ह असल्याचं कळलं, आणि तेव्हाच्या गोवा सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्याला माझ्याच म्हापशात, क्षयरोग्यांच्या वापरात नसलेल्या इस्पितळात ६४ दिवस कोंडून ठेवलं. आईने उच्च न्यायालयात दाद मागितली, पण कायद्यातलं ते कलम न्यायालयाने उचलून धरलं. बाहेर आल्यावर तो उघड्या चेहऱ्याने या विषयावर बोलत राहिला, १९९२ मध्ये ‘पॉझिटिव्ह पीपल’ ही संस्था उभी राहिली आणि त्याच वर्षी तो गेला. त्याच्या अंगावर कुठलाही टॅटू काढायची गरज पडली नाही, आणि त्याच्या संदेशाच्या कोपऱ्यात कुठल्या कंपनीची पट्टीही नव्हती. एचआयव्हीवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करणारा केंद्राचा कायदा आला २०१७ मध्ये.

आपल्याकडच्या जाहिराती इतक्या टोकाला जात नाहीत. २०१७ मध्ये विक्सने तृतीयपंथी कार्यकर्त्या गौरी सावंत यांच्या मायेची गोष्ट सांगितली, ती पाहून मीही डोळे पुसले होते. २०२० मध्ये तनिष्कने हिंदू सुनेचं मुस्लिम सासरी डोहाळेजेवण दाखवलं, गदारोळ झाला आणि जाहिरात मागे घेतली गेली. तेव्हा कंपनीने दिलेलं कारण लक्षात ठेवण्यासारखं आहे: दुकानातल्या कर्मचाऱ्यांची सुरक्षितता. संदेश मुख्यालयात ठरला, पण काउंटरमागे उभं राहून लोकांचा राग झेलायची पाळी पगारी माणसांवर आली. जाहिरात एका दिवसात काढता येते. काउंटरवरच्या माणसाला स्वतःचा चेहरा काढून ठेवता येत नाही.

हे सगळं मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो मोबाइलमध्ये बघत ‘हं, हं’ करत होता. त्याला हवं होतं ते सरळ: पुढच्या मुलाखतीत काय करू? मी म्हटलं, लपवू नकोस, अर्ज करतानाच विचार. मोठ्या हॉटेलांचे ग्रूमिंगचे नियम लेखी असतात. लपवलेला टॅटू सापडला की चर्चा टॅटूची राहत नाही, लपवण्याची होते. आणि अजून काही काढायचं मनात असेल तर बाहीच्या आत राहील असं काढ. तळहाताची मागची बाजू, मान, चेहरा या जागा सगळ्यात महाग. रक्तदान करत असशील तर गोंदल्यावर वर्षभर थांबावं लागतं, तेही ध्यानात ठेव.

जूनमध्ये त्याला मोरजीच्या बाजूला एका लहान हॉटेलात रिसेप्शनलाच नोकरी लागली. मालकाने हाताकडे पाहिलं आणि पगाराचं बोलायला लागला. डिसेंबरात मी भेटायला गेले तेव्हा आम्ही किनाऱ्यावर वन खात्याच्या झोपडीपाशी गेलो. घरट्यांवर राखण करणाऱ्या काकांनी त्याचा हात धरून उजेडात नेला, बराच वेळ निरखला, आणि बोटाने पाठीवरचे खवले मोजले.

"हे रिडले नव्हे हां बाबा. कडेला चारच जोड्या आहेत. हे हिरवं कासव. रिडलेला सहा-सहा तरी असतात."

भाचा आता खवले वाढवून घ्यायचं म्हणतोय. मी म्हटलं, आधी माझ्या कन्सीलरचे पैसे दे.